समुद्र नसलेले दोन देश

युरोपच्या नकाशावर लक्झेंबर्ग शोधायचे तर भिंगच हवे. जर्मनी, फ्रान्स आणि बेल्जियम यांच्यामध्ये वसलेला हा देश अवघा 2,586 चौरस किलोमीटरचा. आपला एकटा जळगाव जिल्हा त्याच्या चौपटीहून मोठा आहे! समुद्रकिनारा नाही. उत्तरेला रानांनी झाकलेल्या टेकड्या, दक्षिणेला लोखंडाच्या खाणींचा जुना पट्टा, पूर्वेला मोझेल नदीकाठी द्राक्षांचे मळे. राज्यप्रमुख ग्रँड ड्यूक. पोलादाने या देशाला श्रीमंत केले आणि पुढे बँकांनी ती श्रीमंती वाढवली. आज तेथील जवळजवळ निम्मे रहिवासी परदेशी नागरिक आहेत.

आमचा खानदेशही एके काळी खरोखरीच देश होता. 1382 पासून फारुकी सुलतानांनी त्यावर राज्य केले. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि ते राज्य संपले. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. समुद्राशी नाते काय ते सुरतेकडे धावणाऱ्या तापीचे. आमच्या मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव येथे पूर्णा तिला मिळते. संगमावर चांगदेवाचे जुने दगडी मंदिर आहे, तर कोथळीला मुक्ताबाईचे. आषाढी वारीसाठी तिची पालखी येथूनच निघते. काळ्या मातीत केळीच्या बागा, आणि थंडीत घरोघरी वांग्याचे भरीत!

पण या दोन देशांचे खरे साम्य भाषेत आहे. लक्झेंबर्गचे कायदे फ्रेंचमध्ये, वर्तमानपत्रे बहुधा जर्मनमध्ये; घरात मात्र लक्झेंबर्गिश. तिला पुष्कळजण जर्मनची एक खेडवळ बोली समजत. 1984 साली कायद्याने ती राष्ट्रभाषा ठरली.

आमच्याकडे पश्चिमेला अहिराणी, पूर्वेला लेवा बोली. घरी ‘डोया’ म्हणणारा विद्यार्थी वर्गात जपून ‘डोळा’ म्हणतो; चुकून ‘डोया’ निघाला तर मागचे बाक हसतात. आणि बहिणाबाई चौधरींची कविता शिकवायला घेतली, की तेच बाक माना डोलावतात! लिहिता न येणाऱ्या त्या शेतकरी बाईने याच बोलीत गाणी रचली. ती पुस्तकरूपाने आली 1952 मध्ये, त्यांच्या निधनानंतर वर्षभराने.

प्रमाण मराठी शिकवणे हा माझा व्यवसायच आहे. ती यायलाच हवी. पण त्यासाठी घरची बोली टाकावी लागत नाही, हे लक्झेंबर्गच्या लोकांनी तीन भाषा सांभाळून दाखवले आहे. या दिवाळीत पुण्या-मुंबईची नातवंडे गावी आली, की आजीला तिच्या बोलीत बोलू द्यावे, आणि नातवंडांनी तिचे शब्द सुधारण्याऐवजी चार शब्द शिकून घ्यावेत.