शब्दांची कुळकथा (९) : बॅजर

गेल्या आठवड्यात 'नॅग' पाहिला. घरातली रोजची कटकट, तीच ती भुणभुण, एवढाच त्याचा पसारा. 'बॅजर' त्याच्याच गोतातला, पण अधिक आक्रमक. सायकलसाठी मुलं आईला बॅजर करतात, पत्रकार मंत्र्यांना करतात, वकील साक्षीदाराला करतो. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ जातं ते 'भंडावून सोडणं'.

बॅजर हा युरोपात आढळणारा निशाचर प्राणी. करडं अंग, पांढऱ्या तोंडावर दोन काळे पट्टे, आखूड पाय आणि जमीन उकरायला लांब नख्या. क्रियापदाचा अर्थ ऐकून वाटतं, हा प्राणीच कुणाच्या तरी मागे लागत असणार. प्रत्यक्षात तो रात्री बिळातून निघून गांडुळं, किडे, कंद खात फिरतो. कुणाच्या वाटेला जात नाही. त्याच्या मागे लागली ती माणसं. ब्रिटनमध्ये बॅजरला पकडून पेटीत किंवा पिंपात ठेवायचे आणि त्याच्यावर कुत्री सोडायचे. कुत्र्याने त्याला बाहेर ओढलं की पुन्हा आत कोंडायचं, पुन्हा कुत्रा सोडायचा. यावर पैजा लागत. १८३५ च्या कायद्याने असल्या झुंजींवर बंदी आली, तरी चोरून हा प्रकार चालूच राहिला. खास बॅजरच्या संरक्षणासाठी आज तिथे १९९२ चा कायदा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे क्रियापद रूढ झालं, ते याच खेळावरून, असं मानलं जातं.

'हाउंड' म्हणजे शिकारी कुत्रा. त्याचं क्रियापद झालं तेव्हा त्रास देणारा कुत्रा ठरला. 'बॅजर'मध्ये मात्र त्रास सोसणारा बॅजर ठरतो. मला हा शब्द मोलाचा वाटतो तो यासाठीच. कोंडलेल्या जिवाच्या बाजूने त्याने सगळा प्रसंग पाहिला आहे. म्हणून एकदा मागणं किंवा दोनदा आठवण करणं याला बॅजर म्हणू नये. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा यावा आणि समोरच्याला निसटायला जागा नसावी, तेव्हा तो शोभतो.

वापरताना पुढच्या शब्दयोगी शब्दाकडे लक्ष हवं. एखाद्या वस्तूसाठी लकडा लावला असेल तर 'फॉर'. 'शी बॅजर्ड हिम टू साइन' म्हटलं तर सही कर म्हणून ती त्याच्या मागे लागली एवढंच कळतं. त्याने केली की नाही, ते वाक्य सांगत नाही. 'शी बॅजर्ड हिम इन्टू सायनिंग' म्हटलं की तो अखेर नमला आणि सही झाली. अनुवादात हा फरक हमखास हरवतो. 'सही करायला भाग पाडलं' हे दुसऱ्या वाक्याचं मराठी आहे, पहिल्याचं नाही.

अमेरिकी न्यायालयांत साक्षीदाराला असं भंडावलं की विरुद्ध पक्षाचा वकील 'बॅजरिंग द विटनेस' म्हणून हरकत घेतो. आपल्याकडे हा शब्द कायद्यात नाही, पण संरक्षण आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १५२ नुसार, अपमान करण्यासाठी किंवा त्रास देण्यासाठी विचारलेला प्रश्न न्यायालयाने रोखायचा असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. गुन्हा ठरेल असा छळ असेल तिथे मात्र 'हॅरॅस' हाच शब्द हवा. तिथे 'बॅजर' लिहिणं म्हणजे छळ सौम्य करून दाखवणं.

आपला 'ससेमिरा'ही एका प्राण्याच्या कथेतूनच आला. झाडावर आसरा देणाऱ्या अस्वलाशी राजपुत्राने दगा केला, त्याला वेड लागलं आणि तो 'स, से, मि, रा' एवढंच बरळू लागला. ही चार श्लोकांची आद्याक्षरं. वर्तमानपत्रांतला 'चौकशीचा ससेमिरा' इंग्रजीत नेताना मी 'बॅजर' वापरणार नाही. महिनोन्‌महिने पाठ न सोडणं हे 'हाउंड'चं काम. 'बॅजर'ला समोरासमोरची सरबत्ती लागते. पुढच्या आठवड्यात 'हाउंड'च घेऊ.