हँडगार्डखालच्या खाचा

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश शस्त्रांचा संग्रह करणाऱ्यांना ‘जंगल कार्बाइन’ने जेवढे फसवले आहे, तेवढे क्वचितच दुसऱ्या कुठल्या बंदुकीने फसवले असेल. आखूड नळी, तिच्या तोंडाशी शंकूच्या आकाराचा फ्लॅश हायडर, दस्त्याच्या टोकाला रबराची गादी: एवढे दिसले की नवखा माणूस पैसे मोजतो. घरी आणून नळीवरचा लाकडी हँडगार्ड उतरवला की कळते, ही तर नेहमीची लांब रायफल होती, कुणीतरी पुढून कापलेली.

अस्सल बंदुकीचे सरकारी नाव ‘रायफल नंबर ५, मार्क १’. कार्बाइन हा शब्द त्यात नाहीच. मार्च १९४४ मध्ये ती तयार होऊ लागली आणि १९४७ च्या अखेरीस थांबली. लिव्हरपूलजवळच्या फझाकर्लीचा सरकारी शस्त्रकारखाना आणि बर्मिंगहॅमजवळच्या शर्ली इथला बी.एस.ए.चा कारखाना, अशा दोनच ठिकाणी मिळून सुमारे अडीच लाख नग निघाले. ब्रिटिश फौजेतली तेव्हाची लांब रायफल, म्हणजे नंबर ४, साडेचव्वेचाळीस इंच लांब आणि चार किलोच्या आसपास वजनाची होती. नंबर ५ ची लांबी साडेएकोणचाळीस इंच आणि वजन तीन किलो दोनशे ग्रॅमच्या घरात. बांबूच्या बेटांतून वाट काढणाऱ्या शिपायाला हे पाच इंच आणि पाऊण किलो फार मोलाचे. पण ज्या वर्षी बर्मा सीमेवर निकराची लढाई झाली, त्या वर्षी ही बंदूक तिथे पोचलेली नव्हती. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण जपान्यांशी झुंजत होती, तेव्हा फझाकर्लीत पहिले नग जेमतेम जुळत होते. भारतीय पलटणींच्या खांद्यावर मुख्यतः त्याहून जुनी नंबर १ रायफल होती. नंबर ५ ने खरे जंगल पाहिले ते बरेचसे युद्धानंतर, मलायात.

मग ‘जंगल कार्बाइन’ हे नाव एवढे रुळले कसे? त्याचे बरेचसे श्रेय व्यापाराला जाते. युद्ध संपल्यावर ब्रिटनने लाखो रायफली मोडीत काढल्या आणि त्या अमेरिकेत स्वस्तात उतरल्या. कॅलिफोर्नियातल्या गोल्डन स्टेट आर्म्स या कंपनीने १९५० च्या दशकात नंबर १ आणि नंबर ४ आखूड करून, फ्लॅश हायडर बसवून ‘सांता फे’ या छापाखाली शिकाऱ्यांना विकल्या. त्यात लबाडी नव्हती, बंदुकीवर कंपनीचा छाप होता. पण बंदूक दोन-तीन हात फिरली, छाप झिजला किंवा कुणी घासून काढला, की तोच नग ‘अस्सल युद्धकाळातला’ म्हणून जत्रेत मांडला जातो. शिवाय निनावी कारागिरांनी घरच्या लेथवर कापलेल्या रायफली वेगळ्याच.

पारखी माणूस बंदूक हातात घेतो तेव्हा सगळ्यात आधी ती रिकामी असल्याची खात्री करून घेतो, आणि मग नजर टाकतो ती मागच्या साइटवर. नंबर ४ च्या साइटवर तेराशे यार्डांपर्यंतचे आकडे असतात, नंबर ५ च्या साइटवर आठशेपर्यंतच. तेराशेची पट्टी दिसली तर संशय घ्यावा. मात्र आठशेची दिसली म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण साइट हा सुटा भाग आहे आणि सुटे भाग बाजारात मिळतात. बोल्टच्या दांडीची गोळी पाहावी: अस्सल नंबर ५ ची गोळी वजन वाचवायला आतून पोखरलेली असते, नंबर ४ ची सहसा भरीव. पण बोल्टही बदलता येतो. म्हणून दांडीच्या मागच्या अंगावर ठोकलेला क्रमांक रिसीव्हरवरच्या क्रमांकाशी ताडून पाहायचा.

नळीच्या तोंडाशी अधिक बोलका पुरावा मिळतो. कारखान्याचा फ्लॅश हायडर, समोरची माशी आणि संगिनीची खुंटी हे सगळे एकाच तुकड्यात असते, आणि तो तुकडा नळीवर आडव्या पिना ठोकून कायमचा बसवलेला असतो. नक्कल बहुधा लहानशा स्क्रूवर अडकलेली सापडते. नंबर ५ ची संगीन वेगळी होती, फ्लॅश हायडरवर चढावे म्हणून तिचे कडे चांगले मोठे. अस्सल संगीन जवळ असेल तर ती चढवून पाहावी. बऱ्याच नकला इथेच उघड्या पडतात.

तरीही खरा निकाल लागतो तो हँडगार्डच्या लाकडाखाली. नळी रिसीव्हरमध्ये शिरते तिथे ती जाड असते. नंबर ५ मध्ये कारखान्याने या जाड भागातून धातू खरवडून काढला. रिसीव्हरच्या भिंतीही अशाच खोलगट कोरल्या. या खाचा मिलिंग यंत्रावर हजारो नगांवर एकाच मापाने घेतलेल्या असतात. घरच्या कारागिराला नळी कापता येते, लाकूड तासता येते, रबर चिकटवता येते. पण पोलादात त्याच जागी, त्याच त्रिज्येच्या खाचा घेणे त्याला परवडत नाही, आणि बहुतेकांना त्या असतात हेच ठाऊक नसते. या बंदुकीवर नेम ठरत नाही, झिरो सरकतो अशी तक्रार फौजेतून आली आणि तिचे उत्पादन थांबवताना तीच कारण म्हणून पुढे केली गेली. अनेकांनी त्या दोषाचे खापर याच खाचांवर फोडले. आज त्याच खाचा अस्सलपणाचा सगळ्यात भक्कम दाखला आहेत.

शिक्क्यांना मी खाचांच्या खालचे स्थान देतो. फझाकर्लीत रिसीव्हरच्या डाव्या अंगाला बंदुकीचे नाव आणि कारखान्याची खूण विजेच्या पेन्सिलीने हाताने कोरत असत. शर्लीच्या नगांवर ‘एम ४७ सी’ हा युद्धकाळातला संकेत सापडतो. हाताने कोरलेले अक्षर दुसऱ्या हातालाही कोरता येते. याउलट व्यापारी तपासणीचे शिक्के खोटे पाडण्याच्या फंदात सहसा कुणी पडत नाही, म्हणून ते जास्त विश्वासाचे. फौजेतून बाहेर पडलेली बंदूक ब्रिटनमध्ये विकण्याआधी चाचणीगृहात दाबाची परीक्षा देते, आणि काडतुसाची लांबी व टनांतला दाब नळीवर ठोकला जातो. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने लष्करी मोडीची आयात जवळपास बंद पडली. १९८० च्या दशकाच्या मध्यात दार पुन्हा उघडले तेव्हापासून आयातदाराचे नाव-गाव बंदुकीवर असावेच लागते. हे छाप दिसायला ओंगळ, संग्राहक त्यांच्यावर नाक मुरडतात. मला मात्र ते आवडतात. बंदूक कुठून कुठे आणि साधारण कधी गेली हे त्यांच्याइतके सरळ कुणी सांगत नाही.

या सगळ्या कापाकापीत मला सर्वाधिक सलते ते पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफलीचे. १९६२ च्या युद्धानंतर भारताला ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसाची रायफल तातडीने हवी होती. हुगळीकाठच्या इशापूर कारखान्याने जुन्या नंबर १ चा सांगाडा घेतला, पण अधिक मजबूत पोलादात घडवला, खाली चौकोनी मॅगझीन दिले, आणि ‘२ ए’ व मागोमाग ‘२ ए १’ या रायफली उभ्या केल्या. दस्त्यालगतच्या पट्ट्यावर अशोकस्तंभाचे सिंह, आर.एफ.आय. ही अक्षरे आणि साल. पुढच्या लाकडातून आडवा जाणारा एक स्क्रू तर जगभरचे संग्राहक ‘इशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखतात. ब्रिटिशांनी आखलेल्या घराण्यातली ही स्वतंत्र भारताची रायफल, आपल्या गरजेतून आपल्या कामगारांनी घडवलेली.

मोडीत निघून ती अमेरिकेत गेली, आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या गिब्स रायफल कंपनीने तिच्यातल्या बऱ्याच नगांना आखूड करून, फ्लॅश हायडर लावून ‘नंबर ७ जंगल कार्बाइन’ म्हणून विकले. कंपनीने ते उघडपणे केले. पण ब्रिटिश फौजेत नंबर ७ या नावाची बंदूक आधीच होती, पॉइंट टू-टू बोअरची सरावाची रायफल, त्यामुळे गोंधळात भरच पडली. ही ओळखायला हँडगार्ड काढावा लागत नाही. अस्सल नंबर ५ ची साइट रिसीव्हरच्या मागच्या टोकाला, डोळ्याजवळ असते. इशापूरच्या घराण्यात ती पुढे नळीवर. चौकोनी मॅगझीन आणि ७.६२ चा शिक्का दिसला की विषय संपतो. अस्सल नंबर ५ थ्री-नॉट-थ्रीचीच.

अशी कापलेली इशापूर नकली इंग्रज बंदूक म्हणून बाद होते, तेव्हा त्या निकालात एक चूक राहते. ती खोटी नंबर ५ असेल, पण खरी २ ए १ आहे. संग्राहकाने तिच्या चिठ्ठीवर इशापूर, सिंहाखालचे साल आणि ‘नळी अमेरिकेत आखूड केली’ एवढे लिहिले तरी तिला न्याय मिळतो. महाराष्ट्राचा हातही या घराण्याला लागलेला आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘के.एफ.’ खूण असलेली थ्री-नॉट-थ्री काडतुसे आणि वरणगावची ‘ओ.एफ.व्ही.’ खुणेची ७.६२ काडतुसे परदेशी संग्राहकांच्या डब्यांत आजही निघतात.

रूपांतर म्हणजे फसवणूक असे समीकरण मांडणाऱ्याने इशापूरचीच ‘चारशे दहा’ मस्केट पाहावी. पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी कारखान्याने जुन्या नंबर १ च्या नळ्या .४१० बोअरच्या, खाचेविना गुळगुळीत केल्या आणि मॅगझीनच्या जागी लाकडी ठोकळा बसवून ती एकेरी बाराची केली. शस्त्र लुटले गेले तरी लुटणाऱ्याला त्यात थ्री-नॉट-थ्री काडतूस वापरता येऊ नये, हा हेतू. लष्करी काडतूस नागरिकांना वर्ज्य म्हणून शिकाऱ्यांसाठी .३१५ बोअरची वेगळी रायफल काढली तीही इशापूरनेच. हे बदल सरकारी आहेत आणि त्यांचे शिक्के त्यांच्यावर आहेत, म्हणून ते इतिहासाचाच भाग ठरतात.

या मस्केटीही अमेरिकेत गेल्या आणि तिथे पुन्हा बदलल्या. इशापूरचे काडतूस थ्री-नॉट-थ्रीच्याच पुंगळीला सरळ करून बनवलेले, ते दुकानात मिळेना. तेव्हा अनेकांनी काडतूस बसते ती नळीची खोली आतून कोरून तिथली नेहमीची .४१० छर्ऱ्याची काडतुसे बसतील अशी करून घेतली. आता न कोरलेली खोली मिळणे अवघड झाले आहे. मस्केट विकायला आली की जाणते संग्राहक आधी खोलीचे माप घेतात, मग सिंहाचा शिक्का बघतात आणि किमतीवर त्यानंतर येतात.