महाविद्यालयीन इमारतीतील नळकाम : उपकरणांची निवड आणि बसवणुकीचा क्रम (अल्लीपूर परिसराच्या संदर्भात)

प्रास्ताविक

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्यात असलेले अल्लीपूर हे काळ्या, कापसाच्या जमिनीतले गाव. अशा गावात महाविद्यालय वा वसतिगृह उभे राहू लागते तेव्हा इमारत समितीच्या बैठकीत वर्गखोल्यांची संख्या, दर्शनी भाग, फरशीचा रंग यांवर पुष्कळ खल होतो. संडास, मुतारी, बेसिन आणि नळ यांचा विषय मात्र 'शेवटी पाहू' म्हणून बाजूला ठेवला जातो. शेवटी म्हणजे स्लॅब पडल्यावर, भिंती उभ्या राहिल्यावर आणि बहुधा निधी संपत आल्यावर. समितीवर प्राध्यापक असतात; ते अभियंते नसतात, पण निर्णयावर सही त्यांचीच असते. या निवडीची वेळ चुकली की काय बिघडते आणि ती कोणत्या आधारावर करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. स्वच्छतागृह बंद पडले की मुलगे आडोसा शोधतात. मुली दिवसभर पाणी पिणे टाळतात. प्रश्न केवळ बांधकामाचा राहत नाही, तो इथे.

भांडे आधी, स्लॅब नंतर

भारतीय पद्धतीचे भांडे जमिनीत बसते. वरच्या मजल्यावर त्याखाली ट्रॅप व आडव्या नळासाठी जागा हवी, म्हणून तिथला स्लॅब साधारणतः ३०० ते ४५० मिलिमीटर खाली घ्यावा लागतो. कमोडचे तसे नाही. त्यातही मागे भिंतीकडे निचरा करणारा 'पी' ट्रॅप आणि खाली जमिनीत निचरा करणारा 'एस' ट्रॅप यांची भोके वेगवेगळ्या ठिकाणी येतात. म्हणजे कोणते भांडे बसवायचे हा प्रश्न वस्तुतः स्लॅबच्या नकाशाचा आहे आणि त्याचे उत्तर सेंटरिंग बांधण्यापूर्वी मिळाले पाहिजे. ते मिळाले नाही तर पुढे छिन्नी-हातोडा चालतो, सळई उघडी पडते आणि खालच्या वर्गाच्या छताला पहिल्याच पावसाळ्यात ओल येते. दोष मग वॉटरप्रूफिंगवर ढकलला जातो.

दुसरी नेहमीची चूक मापाची. उत्पादक देतो ते अंतर तयार भिंतीपासूनचे असते. गवंडी मोजतो ते कच्च्या विटेपासून. गिलावा, मसाला आणि टाइल मिळून तीन-चार सेंटिमीटर सहज जातात, आणि तेवढ्यामुळे कमोड भोकावर नीट बसत नाही.

उपकरणांच्या संख्येबाबत राष्ट्रीय इमारत संहिता (२००५, सुधारित २०१६) मार्गदर्शक आहे. अनिवासी शिक्षणसंस्थांसाठी तिने किमान प्रमाण मुलांसाठी दर ४० मागे एक शौचकूप आणि मुलींसाठी दर २५ मागे एक असे धरले आहे; मुलांसाठी मुताऱ्या वेगळ्या. दोन्ही बाजूंना सारखेच दरवाजे काढून समता साधल्याचे समाधान मानणाऱ्या समित्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

पाणी किती, कसे आणि कोणत्या दाबाने

भारतीय मानक ११७२ नुसार दिवसा भरणाऱ्या शिक्षणसंस्थेस दरडोई ४५ लिटर आणि वसतिगृहास १३५ लिटर पाणी धरले जाते. सहाशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला हे प्रमाण दिवसाला २७,००० लिटर होते. विहीर आटत आली आणि वीज गेली की टाकी कोरडी पडते, आणि मग फ्लशची टाकी कितीही चांगल्या कंपनीची असली तरी विद्यार्थी डबाभर पाणी ओततो. नेहमीच्या भांड्यात सुमारे ५० मिलिमीटरची जलमुद्रा असते. ती डबाभर पाण्याने पुरती हलत नाही, घाण तिथेच राहते. याउलट तीव्र उताराचे व २० मिलिमीटर जलमुद्रेचे ग्रामीण भांडे दीड-दोन लिटरमध्ये साफ होते. कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी केलेला 'सोपा संडास' आणि वर्ध्याजवळ दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राचे काम ही थोड्या पाण्याचा विचार करणारी परंपरा याच प्रदेशाच्या ओळखीची आहे. महाविद्यालयाच्या तळमजल्यावर तरी काही शौचकूप या प्रकारचे ठेवण्यात कमीपणा नाही. अपंग विद्यार्थ्यांसाठी आधारदांडीसह कमोड मात्र वेगळा हवाच, आणि दांडी पेलेल अशी भिंतही त्यासाठी आधीच ठरवावी लागते.

या भागातील बेसाल्ट खडकातील भूजल बहुधा जड असते. पिण्याच्या पाण्यात कठीणता २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत स्वीकार्य व अन्य स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते, असे भारतीय मानक १०५०० सांगते. पण नळाला एवढी उदारता परवडत नाही. क्षाराचा थर आधी बारीक जाळीत धरतो, मग पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळाच्या चकतीवर. म्हणून पाण्याची तपासणी आधी करावी आणि ते जड निघाल्यास वायसर बदलता येणारा साधा पितळी नळ घ्यावा. त्याचा वायसर हिंगणघाटच्या दुकानात मिळतो, आणि तो बदलायला शिपाईही पुरतो.

दाबाचे गणित सोपे आहे : एक मीटर उंचीच्या पाण्याने प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे ०.१ किलोग्रॅम दाब मिळतो. टाकी वरच्या मजल्यावरील नळापेक्षा तीनच मीटर उंच असेल तर तिथे ०.३ मिळणार. ज्या मिक्सर वा फ्लश व्हॉल्व्हला १ लागतो तो तिथे केवळ शोभेचा.

जमीन आणि उन्हाळा

काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. इमारत खोल पायावर स्थिर असते आणि बाहेरचा चेंबर वरच्या मातीबरोबर हलतो, त्यामुळे नळ नेमका दोघांमधल्या सांध्यात तुटतो. तिथे सिमेंटने घट्ट केलेल्या सांध्याऐवजी रबरी कड्याचा सांधा आणि नळाखाली वाळू-मुरमाचा थर असावा. शोषखड्डाही काळ्या मातीत पाणी जिरवत नाही. तो मुरमापर्यंत न्यावा लागतो, आणि विहिरीपासून दूर, कारण भेगाळलेल्या खडकातून पाणी न गाळता वाहते.

न्हाणीतील जाळीखालचा 'नाहणी ट्रॅप' हा अभियांत्रिकीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांतही याच नावाने गेलेला आपला शब्द. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, महाविद्यालयाला सुट्टी असते, ट्रॅपमध्ये कोणी पाणी ओतत नाही. जलमुद्रा वाळते आणि जून-जुलैत दार उघडताच दुर्गंध येतो. बाजारातले उथळ, स्वस्त ट्रॅप सर्वांत आधी वाळतात. ५० मिलिमीटर जलमुद्रेचा ट्रॅप घ्यावा आणि सुट्टीत आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतण्याचे काम कुणाच्या तरी नावे लिहून द्यावे. गच्चीवरून उघड्यावर जाणारे प्लास्टिक नळ उन्हाने ठिसूळ होतात. ते झाकावेत वा रंगवावेत.

अनुसूची व क्रम

हे सारे एका तक्त्यात उतरले पाहिजे. प्रत्येक खोलीपुढे उपकरणाचा प्रकार, संख्या, मानक क्रमांक, ट्रॅपची जात, तयार फरशीपासून नळाची उंची, निचऱ्याचा व्यास आणि उत्पादकाचे मापचित्र असावे. स्वच्छता उपकरणांची निवड, बसवणूक व देखभाल यांसाठी भारतीय मानक २०६४ उपलब्ध आहे. निविदेत त्याचा केवळ क्रमांक टाकून भागत नाही, तक्ता निविदेला जोडावा लागतो. 'उत्तम प्रतीचे' असे लिहिलेल्या निविदेत ठेकेदार जे आणील ते उत्तमच ठरते.

पुढे क्रम असा : स्लॅबपूर्वी भोके व सखल भाग, मग नळ, मग दाबाची चाचणी, आणि त्यानंतरच गिलावा. सखल भागात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवावे व खालून पाहावे. टाइल झाल्यावर भांडी, आणि नळांच्या तोट्या सर्वांत शेवटी, नाहीतर रंगाऱ्याच्या हातून त्यांची चमक जाते. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढून त्यावर मापे लिहावीत. पुढे फळा टांगण्यासाठी खिळा ठोकताना लपलेला नळ कुठे आहे, हे त्याच कागदावरून कळते; म्हणून तो ठेकेदाराकडे नव्हे, महाविद्यालयाच्या कार्यालयात ठेवावा.