शहराचे पाणी : लेखांक ६ – सांडपाणी केंद्रापर्यंत पोहोचते का?

नळाने घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी मोरी, न्हाणीघर आणि शौचालय यांच्या वाटे पुन्हा बाहेर पडते, हे गृहीत धरूनच भारतातील शहरांच्या मलनिःसारण योजना आखल्या जातात; म्हणजे माणशी १३५ लिटर पुरवठ्याचे प्रमाण धरले, तर एका माणसामागे दररोज शंभराहून अधिक लिटर मैलापाणी तयार होते. मागील लेखांकांत धरणापासून नळापर्यंतचा प्रवास पाहिल्यानंतर या लेखांकात मोरीपासून नदीपर्यंतच्या उलट्या प्रवासाचा विचार करावयाचा आहे.

या प्रवासाचे देशव्यापी चित्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजदादीत मिळते. भारतातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि त्यासाठी उभारलेल्या केंद्रांची क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती, म्हणजे निम्म्याहून अधिक पाण्यासाठी केंद्रच नव्हते. ही तूट मोठी आहेच, परंतु तिच्यापेक्षा अधिक विचार करायला लावणारे आकडे पुढे आहेत. उभारलेल्या क्षमतेपैकी चालू स्थितीत असलेली क्षमता २६,८६९ दशलक्ष लिटर, तिच्यापर्यंत प्रत्यक्षात पोहोचून प्रक्रिया झालेले पाणी २०,२३६ दशलक्ष लिटर, आणि ज्या केंद्रांतून बाहेर पडणारे पाणी ठरवून दिलेल्या मानकांत बसत होते, अशा केंद्रांची क्षमता केवळ १२,१९७ दशलक्ष लिटर होती. पैसा खर्च होऊन, टाक्या बांधून, यंत्रे बसवून झाल्यावरही हा आकडा पायरीपायरीने का उतरत जातो, हा या विषयाचा गाभा आहे, आणि त्याचे उत्तर केंद्राच्या आत जितके सापडते तितकेच केंद्राच्या बाहेर, रस्त्याखाली सापडते.

आधी केंद्राच्या आतील व्यवहार समजून घ्यावा लागतो. आलेले मैलापाणी प्रथम लोखंडी जाळ्यांतून जाते आणि तेथे चिंध्या, प्लास्टिक, निर्माल्य असा कचरा अडतो. त्यानंतर प्रवाह मंद करून रेती व खडे खाली बसवले जातात. पाण्यात विरघळलेली आणि बारीक कणांच्या रूपात तरंगणारी सेंद्रिय घाण मात्र जाळीला अडत नाही, आणि नदीला खरा धोका तिच्यापासूनच असतो, कारण ती खाणारे जिवाणू पाण्यातील प्राणवायू वापरून टाकतात व माशांना तो उरत नाही. ठरावीक काळात जिवाणू किती प्राणवायू वापरतील याचे माप म्हणजे ‘जैवरासायनिक प्राणवायू मागणी’, अर्थात बीओडी. पाश्चात्य प्रयोगशाळांत ही चाचणी २० अंश सेल्सिअस तापमानाला पाच दिवस चालते, तर भारतात ती २७ अंशांना तीन दिवसांत घेतली जाते. येथील हवामानाला साजेसा हा बदल शास्त्रीयदृष्ट्या उचितच म्हटला पाहिजे.

नदीत जे घडले असते तेच केंद्रातील टाकीत, परंतु माणसाच्या देखरेखीखाली आणि काही तासांत घडवून आणणे, एवढेच प्रक्रियेचे सार आहे. टाकीत सतत हवा सोडून जिवाणूंना भरपूर प्राणवायू दिला जातो, ते घाण खाऊन वाढतात, त्यांचे पुंजके पुढील टाकीत तळाशी बसतात आणि या गाळाचा काही भाग पुन्हा पहिल्या टाकीत परत पाठवला जातो, जेणेकरून येणाऱ्या पाण्याला भुकेलेल्या जिवाणूंची तयार फौज मिळावी. हीच ‘सक्रिय गाळ पद्धत’. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या संशोधकांनी ती १९१४ मध्ये मँचेस्टर येथे मांडली. त्यांना या वाटेवर नेणारे गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, त्यामुळे या पद्धतीचा भारताशी संबंध तिच्या बाल्यावस्थेपासूनचा आहे. अलीकडच्या केंद्रांत पाणी भरणे, हवा देणे, गाळ बसू देणे आणि वरचे निवळ पाणी काढून घेणे या सर्व क्रिया एकाच टाकीत पाळीपाळीने करणारी पद्धत, जिला एसबीआर म्हणतात, अधिक वापरली जाते, कारण तिला जागा कमी लागते.

या दोन्ही पद्धती जिवंत जिवाणूंवर चालतात, ही गोष्ट निविदा काढणाऱ्यांच्या ध्यानात नेहमी राहतेच असे नाही. हवा सोडणारी यंत्रे हा केंद्रातील विजेचा सर्वांत मोठा ग्राहक असतो. वीज गेली, किंवा बिल वाचवण्यासाठी यंत्रे बंद ठेवली, तर जिवाणू गुदमरतात आणि त्यांची वसाहत पुन्हा उभी राहण्यास अनेक दिवस जातात. १९८६ मध्ये सुरू झालेल्या गंगा कृती योजनेत केंद्रे बांधण्यास केंद्र सरकारचा पैसा मिळाला, परंतु ती चालवण्याचा भार कमकुवत नगरपालिकांवर पडला आणि अनेक केंद्रे रखडली. पुढे यमुना कृती योजनेत विजेची ही अडचण टाळण्यासाठी प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंच्या टाक्या मोठ्या प्रमाणावर बांधल्या गेल्या. त्यांना वीज फारच कमी लागते, परंतु त्यांतून निघणारे पाणी पुढील संस्काराशिवाय कडक मानकांत बसत नाही. नमामि गंगे कार्यक्रमात स्वीकारलेली रीत अधिक विचारपूर्वक ठरवलेली आहे: बांधणीच्या काळात ठेकेदाराला खर्चाच्या ४० टक्के रक्कम मिळते, आणि उरलेली ६० टक्के रक्कम पुढील १५ वर्षांत, केंद्र नीट चालले तरच, हप्त्याहप्त्याने दिली जाते. बांधून मोकळे होण्याच्या सवयीला यामुळे प्रथमच आर्थिक लगाम बसला.

तरीही केंद्राच्या दारात पाणीच आले नाही, तर उत्तम ठेकेदारही काय करणार? २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील शहरी कुटुंबांपैकी केवळ ३२.७ टक्के कुटुंबांची शौचालये मलवाहिनीला जोडलेली होती, आणि ३८.२ टक्के कुटुंबे सेप्टिक टँकवर अवलंबून होती. उरलेल्या घरांचे, आणि बहुतेक सेप्टिक टँकमधून वाहून जाणारे, पाणी उघड्या गटारांतून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जाते. केंद्राचे उद्घाटन करता येते, त्याचे छायाचित्र छापून येते. गल्लीबोळांत रस्ते खणून टाकलेली नळवाहिनी कोणालाच दिसत नाही, आणि खणलेल्या रस्त्याबद्दल शिव्या मात्र खाव्या लागतात. म्हणूनच वाहिन्यांच्या आधी केंद्र उभे राहण्याचा प्रकार वारंवार घडतो. त्यावर तोडगा म्हणून नालाच अडवून त्यातील पाणी उदंचन केंद्राद्वारे, म्हणजे पंपाने उचलून, प्रक्रियेसाठी वळवले जाते. हा उपाय लवकर होतो, परंतु पावसाळ्यात नाल्याचे पाणी कितीतरी पटींनी वाढले की ते बांध ओलांडून नदीत जाते. मुंबईसारख्या, जुन्या मलवाहिन्यांचे मोठे जाळे असलेल्या शहराची अडचण उलट आहे: तेथे वरळी आणि वांद्रे येथील मैलापाणी केवळ जाळ्या व रेती काढण्याच्या टप्प्यानंतर तीन किलोमीटरहून अधिक लांबीच्या बोगद्यांतून समुद्रात सोडण्याची पद्धत दीर्घकाळ चालली, आणि पूर्ण प्रक्रिया करणाऱ्या सात नव्या केंद्रांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली.

प्रक्रिया केलेल्या पाण्याला गिऱ्हाईक मिळाले, की केंद्र चालवण्याला आपोआप कारण मिळते, याचे चांगले उदाहरण नागपूरचे आहे. भांडेवाडी येथे शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते आणि तेवढे धरणाचे पाणी पिण्यासाठी उरते. २०१६ च्या वीज दर धोरणाने तर प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक वीज केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारक केले. बंगळुरूचे प्रक्रिया केलेले पाणी २०१८ पासून दुष्काळी कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाते. यंत्रांशिवायही मैलापाण्याची शुद्धी आणि पुनर्वापर साधतो, हे कोलकात्याच्या पूर्वेकडील सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळीने दाखवले आहे. तेथे सूर्यप्रकाश, शेवाळ आणि उथळ तलाव मैलापाणी निवळतात, त्याच तलावांत मासे वाढवले जातात, आणि २००२ पासून या जागेची नोंद आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आहे.

मानकांबाबत धोरण डळमळीत राहिले, हे नमूद करणे आवश्यक आहे. २०१७ च्या अधिसूचनेने बीओडीची मर्यादा महानगरे व बहुतेक राजधान्यांसाठी लिटरमागे २० मिलिग्रॅम आणि इतरत्र ३० ठेवली. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती १० असावी असा आदेश दिला. उन्हाळ्यात पात्रात स्वतःचे पाणीच नसलेल्या दख्खनच्या नद्यांसाठी ३० ची मर्यादा फारच सैल आहे. वर उल्लेखलेल्या २०२१ च्या मोजदादीनुसार महाराष्ट्रात देशातील सर्वाधिक, दररोज ९,१०७ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि उभारलेली क्षमताही सर्वाधिक, ६,८९० दशलक्ष लिटर होती. वाचकांनी आपल्या नगरपालिकेला केंद्राची क्षमता विचारण्याऐवजी काल केंद्रात किती पाणी आले आणि बाहेर पडताना त्याची बीओडी किती होती, हे दोन आकडे मागावेत.