46 नावं आणि एक चाळणी

26 फेब्रुवारी 2016. तेहरानच्या मतदाराची बोटं त्या दिवशी नक्की अवघडली असतील. इराणमध्ये मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव हाताने लिहायचं असतं, आणि त्या दिवशी दोन निवडणुका एकदम होत्या. संसदेसाठी 30 नावं, ‘मजलिस-ए-खुब्रगान’ म्हणजे तज्ज्ञसभेसाठी 16. अनेक जण यादी हातात धरूनच केंद्रावर आले होते.

‘धर्मगुरूंच्या राज्यात लोकांना विचारतो कोण?’ हा आपल्याकडचा ठरलेला प्रश्न. विचारतात. सर्वोच्च नेता नेमणारी 88 जणांची ही तज्ज्ञसभा लोकच आठ वर्षांसाठी निवडून देतात. निर्वाचित सभांना अधिकार देताना घटनेचं सातवं कलम कुराणातल्या ‘शूरा’चा, आपसातल्या सल्लामसलतीचा, हवाला देतं. संसदेत ज्यूंना एक जागा राखीव आहे, आणि आपल्या पारशांचे धर्मबंधू असलेल्या जरथुश्त्रींनाही.

पण म्हणून ‘ही तर आपल्यासारखीच लोकशाही’ असं समजणं ही दुसरी चूक. मतपत्रिकेआधी चाळणी लागते. संरक्षक परिषदेच्या 12 सदस्यांपैकी 6 फकीह, म्हणजे धर्मशास्त्रज्ञ, थेट सर्वोच्च नेताच नेमतो. तज्ज्ञसभेचे उमेदवार पारखायचे ते या परिषदेने. आणि ती सभा नेमणार, हटवणार कुणाला, तर नेत्याला. फिरून पुन्हा तिथेच. 2016 मध्ये सुमारे 800 अर्जांतून पावणेदोनशेही उरले नाहीत. खुद्द इस्लामी प्रजासत्ताकाचे संस्थापक खोमेनी यांचे नातू हसन खोमेनी बाद झाले!

मग लोकांच्या मताने नक्की काय मिळतं? इराणी विद्वानांचा खरा वाद इथे आहे. आयतुल्ला मेस्बाह यझदींचं म्हणणं असं की सत्तेची वैधता (मश्रुइयत) ईश्वराकडून येते. लोकांकडून मिळते ती फक्त स्वीकृती (मकबूलियत). उलट, 1979 ची घटना बनवणाऱ्या सभेचे अध्यक्ष आयतुल्ला मुंतझरी यांनी पुढे मांडलं की फकीहाला अधिकार मिळतो तो लोकांच्या निवडीतून, आणि त्याचं काम मुख्यतः देखरेखीचं. ते खोमेनींचे नियोजित वारस होते. 1989 मध्ये त्यांना दूर करण्यात आलं. नियतीला विनोदबुद्धी असावी: त्या 46 नावांच्या दिवशी तेहरानकरांनी तज्ज्ञसभेसाठी उभ्या असलेल्या मेस्बाह यझदींनाच पाडलं.

तिसरा समज जास्त खोलवर रुजलेला: शिया म्हटला की ‘विलायत-ए-फकीह’, फकीहाची राजसत्ता, मानणारच. आज इराणवर राज्य करणारी ही मांडणी खोमेनींनी 1970 मध्ये इराकमधल्या नजफच्या व्याख्यानांत केली, आणि तेव्हाही नजफच्या थोर आलिमांना, म्हणजे धर्मपंडितांना, ती पटली नव्हती. त्याच नजफमधून जून 2003 मध्ये तिथले ज्येष्ठ शिया धर्मगुरू आयतुल्ला सिस्तानी यांचा फतवा निघाला. इराक ताब्यात घेतलेलं अमेरिकी प्रशासन तेव्हा त्या देशाची घटना नेमलेल्या मंडळींकडून लिहून घेण्याच्या बेतात होतं. सिस्तानींनी बजावलं की घटनासमिती निवडायचा अधिकार तुमचा नाही. आधी सार्वत्रिक निवडणूक घ्या, प्रत्येक पात्र इराक्याला आपला प्रतिनिधी निवडू द्या. जानेवारी 2004 मध्ये याच मागणीसाठी बगदादच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले. अमेरिकेला बेत बदलावा लागला.

30 जानेवारी 2005 ला इराकी मतदान करून शाई लागलेलं बोट उंचावत बाहेर पडले. सिस्तानींच्या बोटाला मात्र शाई लागली नाही. जन्माने मशहदचे, नागरिकत्व इराणचं. इराकच्या मतदारयादीत त्यांचं नावच नव्हतं.