पाळतीची धास्ती : एका भीतीच्या नावाचा शोध

मंडळी, मागच्या खेपेला आम्ही स्वातंत्र्य या कल्पनेवर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर एक विद्यार्थिनी पुढं आली. म्हणाली, "सर, कुणीतरी चोरून बघायलंय, माझा मोबाईल वाचायलंय, असं सारखं वाटतं. या भीतीला मराठीत काय म्हणायचं?" आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण त्या क्षणी शब्द काही सुचला नाही. 'पुढच्या वेळी सांगतो' म्हणून वेळ मारून नेली.

तिनं नंतर जे सांगितलं ते मात्र डोक्यातून जाईना. घरी बोलली तर आई म्हणाली, मनाचे खेळ आहेत. भाऊ म्हणाला, डॉक्टरला दाखवू. चुलतीनं मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. तिघांनी तीन उपाय केले, पण बघणारं कोण असेल, हे एकानंही विचारलं नाही. तेव्हा हा नुसता शब्दकोशाचा प्रश्न नाही. नाव चुकलं की पुढची सगळी चौकशी चुकते.

मराठीत बघणाऱ्याच्या बाजूचे शब्द किती आहेत बघा. पाळत, टेहळणी, पहारा, हेर, जासूद, खबऱ्या. शिवाय डोळा ठेवणं, कानोसा घेणं. संस्कृतात तर विचारूच नका. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूढपुरुषांचे प्रकारच दिलेत : विद्यार्थ्याच्या वेशातला कापटिक, व्यापाऱ्याच्या वेशातला वैदेहक, तपस्व्याच्या वेशातला तापस, आणि भिक्षुकीसुद्धा. ज्याच्यावर पाळत आहे त्याला काय होतं, याला मात्र तिथं स्वतंत्र नाव नाही. ते शास्त्र राजासाठी लिहिलेलं, त्यामुळे त्यात नवल नाही.

आता भीतीच्या बाजूला या. धाक हा कुणाचा तरी असतो, मास्तरांचा, वडिलांचा. धाक घालणारा समोर दिसतो. दहशत कुणीतरी बसवतं, आणि ती बसलीय हे सगळ्या गावाला माहीत असतं. धसका घडून गेलेल्या गोष्टीचा घेतात. धास्ती मात्र घडलेल्याची नसते. घडेल की काय, घडत असेल की काय, याची ती असते. आमच्या मते या मुलीच्या भीतीच्या सर्वांत जवळ हाच शब्द येतो. कारण तिला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसणं हाच तिच्या त्रासाचा गाभा आहे.

चुलतीनं दृष्ट काढली, त्याला हसू नका. दुसऱ्याच्या नजरेची भीती आपल्या समाजानं फार पूर्वी ओळखली. बाळाच्या गालावरची काजळाची तीट हे त्याचंच उत्तर. पण दृष्ट लावणारा उघडपणे, चारचौघांत बघतो, आणि त्याच्या मनात असूया असते, असं आपण धरून चालतो. चोरून बघणाऱ्याला असूया लागत नाही. त्याला माहिती हवी असते. तिथं तीट काय करणार?

आपल्या भागानं या बाबतीत एक विलक्षण शब्द जपलाय : वहीम. निलंगा १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होतं, मग उस्मानाबादेत गेलं, १९८२ पासून लातुरात आहे. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत इथं निजामाचं राज्य, कारभाराची भाषा उर्दू. उर्दूत 'वहम' म्हणजे बिनबुडाची कल्पना, भास. तोच शब्द मराठीत 'वहीम' झाला आणि त्याचा अर्थ झाला संशय. एखाद्याला वहिमावरून पकडलं, असं आपण म्हणतो. एकच शब्द, एका भाषेत खोटा ठरलेला, दुसरीत तपासाला लागलेला! त्या मुलीची भीती नेमकी या दोन अर्थांच्या मधोमध अडकली आहे.

रझाकारांच्या काळात माणसं आवाज खाली करून कशी बोलत, हे आमच्या पिढीनं घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलं. स्वतः अनुभवलं ते आणीबाणीत, २५ जून १९७५ नंतर. आम्ही पंचविशीत होतो, नुकते नोकरीला लागलेलो. चहाच्या टपरीवर आमचा एक सहकारी आला की सगळे पिकापाण्यावर बोलायला लागत. तो बातम्या पोचवतो, असं कुणीतरी म्हटलं होतं. कोण म्हणालं, कशावरून, हे आम्ही कधी विचारलं नाही. १९७७ साली निवडणूक झाली, सरकार बदललं, पण त्याच्याशी आमचं बोलणं काही पूर्वीसारखं झालं नाही. तो आता हयात नाही. तो खबऱ्या होता की नव्हता, आम्हाला आजही सांगता येत नाही.

बृहदारण्यक उपनिषदात एक प्रसंग आहे. प्रारंभी एकट्या असलेल्या प्रजापतीला भीती वाटते. मग तो विचार करतो की माझ्याशिवाय इथं कुणी नाही, तर मी भिऊ कुणाला? आणि भीती जाते. म्हणजे भीतीला दुसरा लागतो. पण जिथं दुसरा आहे की नाही हेच कळत नाही, तिथं प्रजापतीची युक्तीही चालत नाही.

इंग्लंडच्या जेरेमी बेंथमनं हे कारागृहाच्या आराखड्यात बसवलं. त्याचं पुस्तक १७९१ चं. गोलाकार इमारत, मधोमध मनोरा, मनोऱ्याला पडदे. आत पहारेकरी आहे की नाही ते कैद्याला दिसत नाही, म्हणून तो सदैव असल्यासारखाच वागतो. फ्रान्सचा सार्त्र उलट बाजूनं सांगतो. किल्लीच्या भोकातून आत डोकावणाऱ्याला मागं पावलांचा आवाज येतो, आणि क्षणात तो स्वतःच बघितली जाणारी वस्तू होऊन जातो. आपल्या वेदान्ताच्या भाषेत, द्रष्टा होता तो दृश्य झाला. त्या मुलीला दिवसभर दृश्य होऊन राहावं लागतंय. थकेल नाही तर काय?

मग नाव कोणतं? 'गुप्तावलोकनभय' असं एक आम्ही करून पाहिलं. घरात सगळे हसले, बरोबरच होतं. 'भ्रम' म्हटलं की ऐकणारा विचारतो, कधीपासून होतंय? 'पाळतीची धास्ती' म्हटलं की तो विचारतो, कुणाची पाळत? आम्हाला हा दुसरा प्रश्न हवा आहे. पाळत आपोआप नसते, कुणीतरी ठेवावी लागते.

कायदाही त्या बाजूनं सरकलाय. २०१३ च्या दुरुस्तीनं स्त्रीच्या इंटरनेट, ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणं गुन्हा ठरलं; आता भारतीय न्याय संहितेचं ७८ वं कलम. पेगॅसस प्रकरणी ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की हेरगिरीच्या धोक्याची जाणीवसुद्धा माणसाच्या वागण्यावर परिणाम करते.

हां, कधीकधी तो आजारही असतो, आणि डॉक्टरकडं जाण्यात कमीपणा काही नाही. आतून दोन्ही सारखंच जाणवतं. म्हणून आधी मोबाईल जाणकाराला दाखवावा, मग माणूस. आपल्याकडं उलटं करतात.

परवा आम्ही तिला हा शब्द सांगितला. थोडी हिरमुसली. "सर, एका शब्दात नाही का बसत?" आम्ही म्हटलं, नाही बसत. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीला भूकंप झाला, त्यानंतर आपल्याकडची माणसं कितीतरी रात्री घराबाहेर झोपली. 'भूकंपाची भीती', दोन शब्दच होते. त्यांना कुणी मनाचे खेळ म्हटलं नाही. ती म्हणाली, "बरं, आईला हेच सांगते." आता ती मोबाईल घेऊन लातूरला गेलीय, जाणकार माणसाकडं. भाऊ सोबत आहे.