ख्रिस्ती आशा आणि मंडळीचे दैनंदिन जीवन : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
मराठीत ‘आशा’ हा शब्द सामान्यतः इच्छा वा अपेक्षा या अर्थाने येतो. संतवाङ्मयात तर आशेकडे बंधन म्हणूनच पाहिले गेले आहे. ख्रिस्ती परिभाषेतील आशा याहून भिन्न असून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर आधारलेला, मृत्यूपलीकडे जाणारा भरवसा असा तिचा अर्थ आहे. या आशेविषयी कोणी विचारले, तर सौम्यतेने उत्तर देण्यास सिद्ध असावे, असा उपदेश पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आढळतो. यातील ‘कोणी विचारले तर’ हा भाग सुवार्ताप्रसाराच्या चर्चेत सहसा बाजूला राहतो. वस्तुतः तोच मध्यवर्ती आहे.

प्रवचनाकडून कीर्तनाकडे :
अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे केंद्र उभारले. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ येथूनच निघू लागले. प्रवचन, शाळा आणि छापील पुस्तिका ही मिशनची प्रारंभीची साधने होती. त्यांत बोलणारा शिकवी आणि ऐकणारा शिके. पुढे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्तकथेसाठी कीर्तनाचा अवलंब केला, तेव्हा या नात्यात फरक पडला. श्रोत्याला चाल ओळखीची, टाळ ओळखीचा; अनोळखी होती ती केवळ कथा. साहजिकच कथेविषयीचा प्रश्न श्रोत्याकडूनच येऊ लागला.

१८७६-७८ च्या दुष्काळाने मात्र हा प्रश्न गढूळ केला. मिशनने या काळात मदतकार्य केले आणि त्यानंतर जिल्ह्यातील अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून मोठ्या प्रमाणावर धर्मांतरे झाली. ही माणसे आशेसाठी आली की अन्नासाठी, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. परंतु गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाच्या बाबतीत भाकरी आणि प्रतिष्ठा यांची अशी फारकत करता येईल काय? ती फारकत पोट भरलेल्यालाच सुचते.

टिळक दांपत्याचे उदाहरण :
या संदर्भात सर्वाधिक बोलके उदाहरण एका घरातील आहे. नारायण वामन टिळक यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला व ते अहमदनगरला आले. लक्ष्मीबाईंना हा आघात असह्य झाला. काही वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली. पुढे लक्ष्मीबाई परतल्या त्या आपले सोवळे घेऊनच, आणि टिळकांनी ते त्यांना पाळू दिले. राहुरीच्या वास्तव्यात जातिभेद मनुष्यकृत असल्याचे त्यांच्या मनाने घेतले आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या सिद्ध झाल्या. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधील. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा प्रवास आला आहे. एवढा सिद्धहस्त कवी आणि वक्ता, पण स्वतःच्या घरात त्याच्या वक्तृत्वाचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो थांबण्याचा. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपूर्ण राहिले होते. १९१९ मध्ये त्यांच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनीच ते पूर्ण केले.

आजची मंडळी :
टिळकांची भजने आजही मराठी मंडळ्यांच्या उपासनेत गायिली जातात. तथापि त्यांचा खरा कस रविवारी मंदिरात लागत नाही. तो दुःखाच्या घरी लागतो. मृत्यू झालेल्या घरी मंडळी प्रार्थनेसाठी जमते, तेव्हा शेजारपाजारची अन्यधर्मीय माणसेही ओटीवर बसलेली असतात. रडण्याबरोबर गाणे कसे चालते, हा प्रश्न तेथेच उमटतो. उत्तर देणारा पाळकच असेल असे नाही. बहुधा ती शेजारीण असते, जिच्याशी पाण्याच्या नळावर रोजचे बोलणे असते. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावच्या मतमाउली यात्रेतही नवस घेऊन येणाऱ्यांत अन्यधर्मीय असतात. तेथे विचारणाऱ्यांची उणीव नाही.

उणीव आहे ती दुसऱ्या बाजूस. ध्वनिक्षेपक, बाहेरून आलेले वक्ते, मोठ्या सभा यांमुळे सांगणे वाढले, पण सभा संपली की वक्ता निघून जातो. ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न येतो तो बहुधा त्यानंतर, चार दिवसांनी, आणि तोपर्यंत गावात उरलेली असते ती फक्त स्थानिक मंडळी.